उजेड कुठे पडू नये

फ्लॅशच्या डोक्यावर पांढरी प्लास्टिकची टोपी चढवून भर मैदानात पोर्ट्रेट काढणारं कुणी दिसलं, की मला त्याच्या सेलांची कीव येते. बिचारे जीव तोडून उजेड पुरवत असतात आणि टोपी त्यातला बराचसा उजेड आकाशाला, गवताला आणि मागे उभ्या असलेल्या बघ्यांना वाटून टाकते. चेहऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, आणि तेही आधीइतकंच कडक. नाकाची गालावर पडलेली सावली जागची हलत नाही की तिची कड विरत नाही. हीच टोपी घरात मात्र बरं काम करते. छत आणि भिंती सगळीकडे उधळलेला उजेड परत पाठवतात, फोटो गुळगुळीत येतो, आणि कष्ट भिंतींचे असले तरी श्रेय टोपीला मिळतं.

कारण साधं आहे. फ्लॅशची काच असते साधारण सात सेंटिमीटर रुंद आणि चार-पाच सेंटिमीटर उंच. टोपी तिच्याहून किंचित मोठी. सावलीची कड किती विरघळेल हे ठरतं चेहऱ्याच्या जागेवरून पाहिल्यावर दिवा केवढा दिसतो त्यावर. सूर्याचा व्यास जवळजवळ १४ लाख किलोमीटर. पण तो १५ कोटी किलोमीटरवर असल्यामुळे आकाशात त्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश भरते, म्हणून त्याची सावली धारदार. ढग आले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावली नाहीशी होते. त्यामुळे ‘मोठा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर चढवायची, पुढे पांढरं कापड असलेली पेटी) घ्या’ हा सल्ला अर्धाच. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर आणि १२० चा १२० वर ठेवला, तर सावलीच्या कडेत सांगण्याजोगा फरक पडत नाही. मोठा बॉक्स घेऊन तो चार मीटर लांब उभा करणाऱ्याने पैसे आणि पाठ दोन्ही उगाच झिजवली.

जवळ आणण्याचा आणखी एक फायदा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. तेलकट कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर जी चकाकी दिसते, ती खरं तर दिव्याचंच प्रतिबिंब असते. कातडी तिथे अंधुक आरशासारखी वागते. दिवा पुढे-मागे केला तरी आरशातल्या दिव्याचा झगझगीतपणा तोच राहतो, फक्त आकार बदलतो. कातडीचा स्वतःचा उजळपणा मात्र अंतराप्रमाणे झपाट्याने बदलतो. आता सॉफ्टबॉक्स निम्म्या अंतरावर आणा. चेहऱ्यावर चौपट उजेड पडेल, म्हणून फ्लॅशची ताकद पाव करावी लागेल. ताकद पाव झाली म्हणजे सॉफ्टबॉक्सचं कापडही पावपट झगझगीत झालं, आणि कपाळावरचं त्याचं प्रतिबिंबही पावपट. वर ते जास्त जागेत पसरलेलं. कातडी होती तेवढीच उजळ, चकाकी मात्र विझत आलेली. कुणाचा चेहरा चमकतोय म्हणून टिश्यू शोधण्याआधी सॉफ्टबॉक्स हातभर पुढे सरकवून बघावा. अर्थात चकाकी सरसकट मारून टाकण्याच्या मी विरुद्ध आहे. सावळ्या, काळ्या वर्णाच्या चेहऱ्यावर गालफडाचा उंचवटा, कपाळाची गोलाई आपल्याला दिसते ती पुष्कळदा या चकाकीमुळेच. तिथे मोठ्या सॉफ्टबॉक्सची लांबट, मंद चकाकी गालावरून उतरू द्यावी. पावडर लावून ती पुसली की चेहरा सपाट होतो.

मऊ उजेड मिळवणं एवढं सोपं असेल, तर एवढ्या छत्र्या, पेट्या, थाळ्या कशाला? खिडकीवरचा पातळ पडदा, दोन खुर्च्यांमध्ये ताणलेली चादर, नुसती पांढरी भिंत, यातलं काहीही गालावरची सावली विरघळवून देईल. माझं मत असं झालंय की मॉडिफायर, म्हणजे फ्लॅशचा उजेड बदलणारी ही साधनं, विकत घेताना आपण पैसे मोजतो ते उजेड नको तिथे जाऊ नये म्हणून. मऊपणा त्यासोबत जवळजवळ फुकट येतो. म्हणून नवं काही घेण्याआधी मी आता एकच गोष्ट विचारते: यातून निघालेला उजेड चेहरा सोडून आणखी कुठे कुठे जाणार आहे?

ही काही नवी दृष्टी नाही. फ्लॅश यायच्या आधी, एकोणिसाव्या शतकातल्या पोर्ट्रेट स्टुडिओंना काचेचं छप्पर असे आणि उत्तर गोलार्धात ते शक्यतो उत्तरेकडे उतरतं ठेवत, म्हणजे थेट ऊन आत येत नसे. काचेखाली पडदे सरकत. त्या फोटोग्राफरला उजेड वाढवता येत नव्हता. हा पडदा ओढ, तो अर्धा ठेव, एवढंच त्याच्या हातात होतं, आणि तेवढ्यात त्याने चेहरे घडवले. १८८७ मध्ये मीथे आणि गेडिके या जर्मन जोडीने मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर आणली तेव्हा उजेड खिशात मावू लागला, धुरासकट. १९३१ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एजर्टन या अभियंत्यांनी फिरती यंत्रं थांबल्यासारखी दिसावीत म्हणून इलेक्ट्रॉनिक स्ट्रोब, म्हणजे झपाट्याने लुकलुकणारा दिवा, विकसित केला. आपला आजचा फ्लॅश त्याच घराण्यातला. उजेड वाढवण्याची सोय झाली आणि पडदे ओढण्याची सवय मोडली, असं मला उगाचच वाटत राहतं.

छत्रीचं उदाहरण घ्या. पांढरी, आरपार उजेड सोडणारी छत्री ही सगळ्यात स्वस्त, हलकी आणि पटकन उघडणारी वस्तू. तिची बहिर्गोल बाजू चेहऱ्याच्या अगदी जवळ आणता येते, त्यामुळे उजेड खरोखर सुंदर पडतो. पण कापडातून पलीकडे जातो तो एक वाटा. दुसरा वाटा कापडावर आपटून उलटा खोलीत पसरतो. मोठ्या, काळोख्या सभागृहात त्याने काही बिघडत नाही. लहान पांढऱ्या खोलीत मात्र तो उजेड चारी भिंतींवरून आणि छतावरून परत येतो, चेहऱ्याच्या ज्या बाजूला सावली हवी तिथे जाऊन बसतो, आणि तुम्ही छत्री डावीकडे ठेवली काय नि उजवीकडे, फोटो सारखाच निघतो. उलटून मारायची छत्री, म्हणजे आतून पांढरी किंवा चंदेरी आणि बाहेरून काळी, ही गळती बरीच थांबवते. तिची खोड अशी की दांडी आणि फ्लॅश दोन्ही चेहऱ्याच्या बाजूला येतात, त्यामुळे तिला फार जवळ नेता येत नाही. दांडी कुणाच्या तरी डोळ्यात जायची. चंदेरी अस्तर पांढऱ्यापेक्षा जास्त उजेड देतं, पण जरा करकरीत. पोर्ट्रेटला मी पांढरंच वापरते.

छत्री केवढी आहे आणि त्यातली किती पेटते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे पाहण्याची एक खात्रीची रीत आहे. फ्लॅश अगदी कमी ताकदीवर ठेवायचा, कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर एफ/१६ वगैरे बारीक करायचं (एफचा आकडा मोठा, तितकं उजेड आत घेणारं भोक लहान), आणि मॉडेल बसते त्या जागी जाऊन छत्रीचाच फोटो काढायचा. फ्लॅशचं झूम (आकडा मोठा, तितका उजेडाचा झोत अरुंद) १०५ वर राहिलं असेल तर मधोमध बशीएवढा पांढरा ठिपका दिसतो आणि भोवती नुसतं करडं कापड. म्हणजे छत्री मीटरभर असली तरी दिवा बशीएवढाच. झूम २४ वर आणलं, छत्रीची दांडी थोडी लांब सोडली, की ठिपका पसरत जाऊन काड्यांच्या टोकांपर्यंत पोचतो. दांडी आणखी लांब सोडली तर उजेड छत्रीच्या कडेबाहेर सांडायला लागतो, तेही त्याच फोटोत दिसतं. सॉफ्टबॉक्सचीही हीच परीक्षा घ्यावी. समोर तोंड करून बसवलेला छोटा फ्लॅश पुढच्या कापडाच्या मध्यावर जास्त पेटतो. आतला दुसरा पडदा त्यासाठीच असतो आणि तो हरवलेला सॉफ्टबॉक्स निम्म्या कामाचाही राहत नाही. ज्या पेट्यांमध्ये फ्लॅश उलट्या तोंडाने आत मारतो आणि उजेड मागच्या अस्तरावरून परतून कापडावर येतो, त्या जास्त सारख्या पेटतात.

सॉफ्टबॉक्सच्या बाजूच्या काळ्या भिंती आणि पुढे उरलेली दोन-तीन बोटांची झालर, हा मला त्याचा खरा भाग वाटतो. त्यावर कापडी ग्रिड, म्हणजे चौकटींची जाळी, चढवली की बाजूला उभं राहून पाहिलं तर पेटी काळीच दिसते, उजेड फक्त समोरच्याला. ग्रिड साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड खाते. लहान खोलीत मी तो आनंदाने देते.

एकदा मावशीचा फोटो काढायचा होता. लहानशी खोली, पांढऱ्या भिंती, आणि मावशीला जाड भिंगांचा चष्मा. १२० सेंटिमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स लावला तर दोन्ही भिंगांत दोन पांढऱ्या थाळ्या, डोळे गायब. चष्म्याची काच कॅमेऱ्याच्या जागेवरून खोलीचा एक ठरावीक तुकडा दाखवते. त्या तुकड्यात जे उजळ असेल ते भिंगात उमटणारच. फुगीर भिंग असेल तर हा तुकडा आणखी मोठा. एवढी मोठी पेटी त्यातून बाहेर काढायची तर ती इतकी वर न्यावी लागते की भुवयांखाली अंधार होतो आणि चष्म्याच्या फ्रेमची सावली गालावर उतरते.

“मावशी, चष्म्याच्या काड्या कानावरून जरा वर उचल. किंचित. हां, तेवढ्याच.”

“तू फोटो काढतेयस की डोळे तपासतेयस?”

काड्या दोरीभर वर गेल्या की भिंगं खाली झुकतात आणि त्यांत दिसणारा खोलीचा तुकडा खाली घसरतो. हा जुना उपाय अजून चालतो. पण १२० च्या पेटीला तोही पुरला नाही. मग ६० ची चौकोनी पेटी, ग्रिडसकट, तेवढ्याच अंतरावर आणि थोडी वर. लहान असल्यामुळे ती त्या तुकड्यातून पूर्ण बाहेर निसटली. भिंगं स्वच्छ, डोळे स्पष्ट, ग्रिडमुळे भिंतीवर उजेड नाही म्हणून मावशीमागची भिंत शांत करडी. सावली थोडी कडक झाली, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या आधीपेक्षा ठळक आल्या. तसं सांगितलं तर मावशी म्हणाली, “माझ्याच आहेत, भाड्याने नाही आणल्या.” मोठ्या पेटीचा मऊपणा तिथे मिळाला असता तर तो डोळ्यांच्या बदल्यात मिळाला असता.

भिंत करडी होण्यात ग्रिडइतकाच अंतराचाही हात असतो. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. फ्लॅश चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि भिंत चेहऱ्यामागे आणखी एक मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या पाव उजेड मिळतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. तोच फ्लॅश चेहऱ्यापासून तीन मीटरवर नेला तर भिंत चार मीटरवर. फरक एका स्टॉपच्याही आत येतो आणि भिंत उजळते. भिंतीचा रंग न बदलता तिला पांढरी किंवा करडी करायचं काम अंतर करतं. दोघांचा फोटो असेल तर हेच अंतर अंगावर येतं: एकजण फ्लॅशपासून एक मीटरवर, दुसरा दीड मीटरवर, तर पहिल्यावर दुप्पटीहून जास्त उजेड. तेव्हा एक तर मागे सरकायचं, नाहीतर पेटीचं तोंड लांबच्या माणसाकडे वळवायचं, म्हणजे जवळच्याला फक्त तिची कड लागते. कडेचा उजेड एकट्या चेहऱ्यावरही फार छान पडतो. पेटी सरळ नाकावर रोखून धरण्यापेक्षा ती चेहऱ्यापुढच्या मोकळ्या जागेकडे वळवून बघा. मागची भिंत आपोआप सुटते, ग्रिडही लागत नाही.

घरातल्या भिंती आणि छत यांनाही मी मॉडिफायरच मानते, फक्त त्यांचा रंग आपल्या हातात नसतो. हिरव्या भिंतीवरून आलेला फ्लॅश चेहरा हिरवा करतो, आणि खिडकीचा उजेड त्यात मिसळलेला असेल तर तो नंतर नीट काढताही येत नाही. सरळ छतावर मारला तर डोळ्यांच्या खोबणीत अंधार. बाजूच्या किंवा फोटोग्राफरच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर मारावा, आणि फ्लॅशच्या चेहऱ्याकडच्या बाजूला रबरबँडने काळा पुठ्ठा अडकवावा, म्हणजे थेट उजेड निसटत नाही. या पुठ्ठ्याला मी टोपीपेक्षा कितीतरी जास्त मान देते.

बाहेर उन्हात गेलं की हिशेबच बदलतो. भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १०० ला १/२०० सेकंद आणि एफ/११ हे ढोबळ एक्स्पोजर. फ्लॅशच्या खोक्यावर गाइड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा (मीटरमधल्या अंतराने भागला की एफचा आकडा मिळतो), ६० लिहिलेला असतो, पण तो झूम पूर्ण लांबवून, २०० वगैरे ठेवून मोजलेला. सॉफ्टबॉक्ससाठी झूम २४ वर उघडलं की तोच आकडा तिसाच्या आत येतो. म्हणजे मीटरभर अंतरावर एफ/२८ च्या आसपास. सॉफ्टबॉक्सची दोन कापडं त्यातले दीड ते दोन स्टॉप खातात. उरलं एफ/१४ किंवा १६. पूर्ण ताकदीने, मीटरभरावरून, सूर्याच्या जेमतेम स्टॉपभर पुढे. दोन मीटरवर गेलात तर सूर्य जिंकलाच, आणि प्रत्येक पूर्ण ताकदीच्या फटक्यानंतर फ्लॅश भरायला काही सेकंद जातात. हाय-स्पीड सिंक, म्हणजे नेहमीच्या मर्यादेहून वेगवान शटरलाही फ्लॅश चालवण्याची सोय, वापरून शटर वाढवलं तर आणखी दोनेक स्टॉप गेले. एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवरची करडी काच, लावून अ‍ॅपर्चर उघडता येतं, पण तो ऊन आणि फ्लॅश दोघांनाही सारखाच कापतो, त्यामुळे मूळ ताकदीची गरज तेवढीच राहते. २०० वॉट-सेकंदांचे बॅटरीवरचे फ्लॅश लोक घेतात ते याच हिशेबापायी. हातातल्या छोट्या फ्लॅशपेक्षा साधारण दीड स्टॉप जास्त मिळतो.

शिवाय वारा. मीटरभराची पेटी स्टँडवर असेल तर एक झुळूकही तिला पाडते. वाळूची पिशवी मदत करते, स्टँड धरून उभा राहणारा माणूस त्याहून जास्त. तो नसेल तर मी सावली शोधते, झाडाची नको, इमारतीची. तिथे छोटा फ्लॅश आणि लहान पेटी कमी ताकदीत भागतं. सावलीही नसेल तर सरळ उघडा फ्लॅश, झूम ५० वर, सूर्य मॉडेलच्या पाठीशी. बाहेरच्या सगळ्या सावल्या कडकच आहेत, त्यात एक आणखी कडक सावली खोटी वाटत नाही. उलट तिथे पेटीचा मऊ उजेडच परका दिसतो. उघडा फ्लॅश हीसुद्धा एक निवड आहे, हे मान्य करायला लोक का लाजतात कळत नाही.

बाकीच्या साधनांचं थोडक्यात: फ्लॅशच्या पुढ्यात बसवायची मधाच्या पोळ्यासारखी छोटी ग्रिड आणि काळ्या पुठ्ठ्याची नळी, केसांवर किंवा खांद्यावर तिरीप टाकायला. अरुंद उभी पेटी, मागून कड काढायला. बास. डोळ्यात उमटणारा दिव्याचा ठिपका गोल हवा की चौकोनी, यावर माणसं तासन्‌तास वाद घालतात. फोटोग्राफर सोडून तो कुणाला दिसतो असं मला वाटत नाही. ‘पॅराबोलिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खोल पेट्यांचंही तसंच. सोळा काड्या असल्या म्हणून आकार पॅराबोला (अन्वस्त) होत नाही, आणि पुढे पांढरं कापड लावल्यावर आतला आकार कसा होता याला फारसा अर्थ उरत नाही.

ब्युटी डिश या उथळ थाळीबद्दल मात्र एक तक्रार आहे. खरी डिश चेहऱ्याच्या जवळ, मध्यभागी उजेड अडवणारी चकती, आणि चकतीवरून परतून थाळीभर पसरलेला उजेड, असा तिचा डाव. नितळ कातडी आणि नीट मेकअप असेल तर त्याला तोड नाही. पण त्यासाठी आतला दिवा चारी बाजूंना उजेड टाकणारा, उघड्या ट्यूबचा हवा. आपल्या छोट्या फ्लॅशला पुढे भिंग असतं, तो सगळा उजेड सरळ चकतीवर ओततो आणि थाळीच्या कडेपर्यंत फार कमी पोचतो. घडीची डिश आणि छोटा फ्लॅश या जोडीला पैसे घालण्याआधी छत्रीची मघाची परीक्षा तिच्यावर करावी, दुकानातच.

माझ्या पिशवीत आता ६० ची ग्रिडवाली पेटी असते, ११० सेंटिमीटरच्या आसपासची पांढरी छत्री असते जिची काळी खोळ काढली की ती आरपारही चालते, आणि एक मोठं काळं कापड, कुठल्याही पांढऱ्या भिंतीला गप्प करायला. फ्लॅशवर लावायचे नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्ट्या) असतात, कारण पिवळ्या बल्बच्या खोलीत ५५०० केल्विनचा फ्लॅश निळा दिसतो. एक गोष्ट विकत घेताना कुणी सांगत नाही: पांढरी कापडं जुनी होताना पिवळी पडतात, आणि नवीही एकमेकांसारखी पांढरी नसतात. एका गालावर पेटीचा आणि दुसऱ्यावर छत्रीचा उजेड असेल तर दोन गाल दोन रंगांचे येतात. म्हणून प्रत्येक मॉडिफायरखाली करड्या कार्डाचा एक फोटो काढून ठेवते, नंतर रंग जुळवायला. जुनी छत्री चांगलीच पिवळट झाली आहे. तिला टाकली नाही, केसांवरच्या उजेडासाठी ठेवली. तिथे तो पिवळेपणा खपतो.